बेसबॉल संघाची हंगामपूर्व चिकित्सा

अमेरिकेतील मेजर लीगचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, कोणाचे करार संपले, कोणत्या जागा रिकाम्या पडल्या आणि खजिन्यात किती रक्कम शिल्लक आहे, यांचा संघचालकांनी घ्यावयाचा ताळेबंद. ४० जणांच्या यादीतून प्रत्यक्ष मैदानावरील फळीत २६ जण (२०२० पूर्वी २५) घेता येत असल्याने एकही जागा वाया दवडणे परवडत नाही.

या चिकित्सेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे होय. २००१ मध्ये १०२ सामने जिंकल्यानंतर जेसन जियाम्बी व जॉनी डेमन हे फलंदाज आणि अखेरच्या डावात विजय राखणारा पिचर जेसन इसरिंगहाउसेन हे तिघेही अधिक सधन संघांत दाखल झाले, तेव्हा महाव्यवस्थापक बिली बीन यांनी नगास नग शोधण्याचा मोह टाळून, गेलेल्या खेळाडूंसवे संघाने नेमका कोणता गुण गमावला, हा मूलगामी प्रश्न विचारला. बाद न होता बेस गाठण्याचे सातत्य, हे त्याचे उत्तर होते. आणि म्हणूनच हा गुण अंगी असलेल्या, पण कोपराच्या दुखापतीमुळे कॅचरचे काम सुटलेल्या स्कॉट हॅटबर्गला त्यांनी पहिल्या बेसवर उभे केले. इसरिंगहाउसेनच्या जागी बिली कॉक आला.

तथापि पुढच्या हंगामातील यशाचे सारे श्रेय या हिशेबाला देणे न्याय्य नव्हे. हडसन, मल्डर व झिटो हे समर्थ पिचर संघात आधीपासूनच होते. २००२ मध्ये ओकलंडने सलग २० आणि एकूण १०३ सामने जिंकले. बाद फेरीत मात्र मिनेसोटा ट्विन्सकडून ३-२ असा पराभव पत्करला.