एचएफक्यू: आरएनएच्या मांडवातली धवलेरी

सुट्टीत बोईसरला घरी गेले की बाबांचा प्रश्न ठरलेला: "तुझं ते प्रोटीन नक्की करतं तरी काय?" तारापूर एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या माणसाला गोलमोल उत्तर चालत नाही. मागच्या वेळी माझी ततपप झाली. म्हणून हा लेख, आणि सुरुवात इतिहासापासून.

साल 1968. तारापूरचं अणुवीज केंद्र अजून सुरू व्हायचं होतं. तिकडे न्यूयॉर्कमध्ये मारिया तेरेसा फ्रान्झे दे फर्नांडेझ, लिलियन इओयांग आणि थॉमस ऑगस्ट हे क्यू-बीटा या विषाणूवर काम करत होते. हा विषाणू ई. कोलाय जिवाणूत शिरतो. त्याची जनुकं आरएनएची असतात. परीक्षानळीत त्या आरएनएची नक्कल करायला विषाणूचं एन्झाइम पुरेना. जिवाणूचं एक प्रोटीनही लागायचं. त्याला 'होस्ट फॅक्टर', म्हणजे यजमानाचा घटक म्हटलं गेलं. पुढे त्याचंच एचएफक्यू झालं.

पण जिवाणू आपल्या शत्रूसाठी प्रोटीन का बनवून ठेवेल? 1994 मध्ये हे जनुक मोडल्यावर काय होतं ते प्रसिद्ध झालं: जिवाणू मंद वाढले, लांबट झाले, अतिनील किरणांपुढे हतबल झाले. म्हणजे हे प्रोटीन घरच्याच कामाचं होतं. कोणत्या? 2002 मध्ये डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या गटांनी दाखवलं, की एचएफक्यू दोन वेगळ्या आरएनएंची जोडी जुळवतं.

तुम्ही म्हणाल, ए-यू, जी-सी अशी जोडी आपोआप जुळतेच की! जुळते, पण रखडत. दोन्ही धाग्यांवर ऋण भार, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात. शिवाय प्रत्येक धागा स्वतःतच गुंडाळलेला. एचएफक्यू म्हणजे सहा सारख्या तुकड्यांचं कडं. एका बाजूला छोटा आरएनए बसतो, दुसऱ्या बाजूला संदेशवाहक आरएनए. कड्याच्या काठावरचे धन भार त्यांच्यातली ढकलाढकली कमी करतात. जोडी जमली, की कडं मोकळं होऊन पुढच्या जोडीकडे.

आमच्याकडच्या वारली लग्नात धवलेरी असते. गाणी म्हणत ती लग्न लावते, पण संसार तिचा नसतो. एचएफक्यूचं तसंच. फक्त इथलं लग्न अनेकदा संदेशवाहकाच्या मुळावर येतं. लोह कमी पडलं, की जिवाणू रायएचबी नावाचा छोटा आरएनए बनवतो. तो लोह वापरणाऱ्या प्रोटीनांच्या संदेशांशी जुळतो आणि दोघंही तोडले जातात. उरलेलं लोह अत्यावश्यक कामांसाठी वाचतं. टंचाईत घर चालवायचं, तसंच!

तर बाबा, प्रोटीन सापडलं 1968 ला आणि हे काम उमगलं 2002 ला. मधे 34 वर्षं. माझ्या पीएचडीला तेवढी लागणार नाहीत, पण "कधी संपणार?" हा पुढचा प्रश्न जरा जपून विचारा.