आठवड्याचा एक पेनी: मेथडिस्ट वर्गसभेची कुळकथा

चेन्नईच्या रॉयपेट्टा, ब्रॉडवे आणि एग्मोर या जुन्या वस्त्यांत जॉन वेस्ली यांचे नाव धारण करणारी चर्चे आजही उभी आहेत. मात्र १९४७ नंतर त्यांच्या पाटीवर मेथडिस्ट हा शब्द राहिलेला नाही, कारण त्या वर्षी दक्षिण भारतातील ब्रिटिश परंपरेच्या मेथडिस्ट मंडळ्या अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांसह ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. मंडळी म्हणजे एका पाळकाच्या, अर्थात धर्मोपदेशकाच्या, देखरेखीखाली उपासनेसाठी एकत्र येणारा समुदाय. अशा मंडळीला आपल्या मेथडिस्ट मुळांकडे वळायचे असेल तर तिने इमारतीचा इतिहास अवश्य वाचावा. परंतु या पंथाचे खरे कूळ ज्या चालीत सापडते ती वर्गसभेची चाल होय, आणि शेजाऱ्याची सेवा ही भक्तीला मागाहून जोडलेली बाब नसून त्याच चालीच्या पोटात असलेली गोष्ट आहे, हे तिचा उगम पाहिला म्हणजे ध्यानात येते.

हा उगम कर्जफेडीत आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात १७२९ च्या सुमारास जॉन आणि चार्ल्स वेस्ली या बंधूंभोवती जमलेले तरुण ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या दिवशी उपवास आणि तुरुंगातील कैद्यांच्या भेटी अशा काटेकोर पद्धतीने राहत, म्हणून इतर विद्यार्थ्यांनी चेष्टेने त्यांना मेथडिस्ट म्हटले आणि ते नाव टिकले. पुढे ब्रिस्टल शहरात खाणकामगार, कोष्टी आणि मजूर यांच्यात वेस्ली यांचे प्रवचन सुरू झाले, त्यांच्यासाठी ‘न्यू रूम’ नावाचे सभागृह बांधले गेले आणि बांधकामाचे कर्ज डोक्यावर बसले. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी ते कसे फेडावे याचा विचार करण्यासाठी सभा भरली असता फॉय नावाच्या एका कप्तानाने सुचवले की, प्रत्येक सभासदाने कर्ज फिटेपर्यंत आठवड्याला एक पेनी द्यावा. पुष्कळांना तेवढेही देणे परवडणार नाही, असा आक्षेप आला, तेव्हा सर्वांत गरीब अकरा जण आपल्या यादीत घालावेत, दर आठवड्याला आपण त्यांच्या घरी जाऊ आणि ज्याच्याकडून काही मिळणार नाही त्याचा पेनी स्वतःच्या खिशातून भरू, असे त्याने सांगितले. या एका वाक्यात पुढची सगळी संस्था बीजरूपाने होती. सभासदांचे सुमारे बारा-बारांचे गट पडले, त्यांना ‘क्लास’ म्हणजे वर्ग हे नाव मिळाले आणि प्रत्येक वर्गाला एक वर्गनायक नेमला गेला.

वसुलीसाठी दारोदार जाणाऱ्या या वर्गनायकांना असे काही दिसू लागले की जे व्यासपीठावरून कधीच दिसले नसते. कोणाच्या घरी आजारपण होते, कोणाचे काम सुटले होते, कोणी दारूच्या आहारी गेला होता, कोणाच्या घरात भांडण चालू होते. आणि हे सारे वेस्ली यांच्या कानावर गेले तेव्हा, आपल्याला इतके दिवस हवे होते ते हेच, असे त्यांच्या मनाने घेतले. भिशीच्या हिशेबासाठी आलेल्या माणसाने घरातल्या म्हातारीची चौकशी करावी, तसे हे पैशाच्या निमित्ताने घडले, पण लवकरच निमित्त मागे पडले. घरोघर फिरण्यात फार वेळ जातो म्हणून वर्गाने आठवड्यातून एकदा एकत्र बसावे असे ठरले, आणि वसुलीची फेरी वर्गसभा बनली. १७४३ मध्ये वेस्ली यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमावलीत वर्गनायकाची कामे लिहिलेली आहेत: आपल्या वर्गातील प्रत्येकाला आठवड्यातून निदान एकदा भेटणे, त्याच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करणे, गरजेप्रमाणे धीर किंवा उपदेश देणे, गरिबांच्या मदतीसाठी तो जे देईल ते स्वीकारणे आणि आजारी कोण, मार्ग सोडून चालणारा कोण, हे उपदेशकास कळवणे. त्याच नियमावलीचे तीन मुख्य नियम आहेत: कोणाचे वाईट करू नये, जमेल तितके सर्वांचे भले करावे आणि उपासनेचे नेम पाळावेत. यांतील दुसऱ्या नियमाखाली भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची व कैद्याची भेट यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि क्रमाने तो नियम उपासनेच्या नियमाच्या आधी येतो हे लक्षात घेण्यासारखे आहे.

वर्गात असल्याची खूण म्हणून प्रत्येक सभासदाला दर तीन महिन्यांनी एक छोटे छापील तिकीट मिळे. त्यावर बायबलमधील एखादे वचन, तिमाहीची खूण आणि हाताने लिहिलेले सभासदाचे नाव असे, आणि तिमाहीअखेर उपदेशक प्रत्येकाशी बोलून ते नव्याने देत असे किंवा रोखून धरत असे. प्रीतिभोजनाच्या सभेत, म्हणजे साधा पाव आणि पाणी सर्वांनी एकत्र घेऊन आपापले अनुभव सांगण्याच्या मेळाव्यात, हे तिकीट दाखवल्याशिवाय प्रवेश नसे. अक्षरशत्रू मजुराच्या किंवा मोलकरणीच्या हाती स्वतःचे नाव लिहिलेला कागद येणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. वर्गनायकांत स्त्रियाही होत्या आणि ज्या समाजात त्यांना व्यासपीठ नव्हते तेथे वर्गाने त्यांना बाराजणांची जबाबदारी दिली.

वर्गांतून कळलेल्या गरजांमुळेच पुढची कामे सुरू झाली. १७४६ मध्ये गरिबांसाठी मोफत औषधवाटप आणि बिनव्याजी छोट्या कर्जाचा निधी निघाला. त्या निधीतून अल्प रक्कम मिळे, ती तीन महिन्यांत हप्त्याहप्त्याने परत करावी लागे आणि पहिल्या वर्षभरातच सुमारे अडीचशे माणसांना त्याचा आधार मिळाला. जानेवारी १७८५ मध्ये ऐंशी वर्षे ओलांडलेले वेस्ली गरिबांच्या कपड्यांसाठी २०० पौंड जमवायला लंडनच्या वितळत्या बर्फातून चार दिवस पायी फिरले. त्याच सुमारास लंडनमध्ये आणि पुढे ब्रिस्टलमध्ये ‘स्ट्रेंजर्स फ्रेंड सोसायटी’ या संस्था निघाल्या, ज्यांचा नियम असा की त्यांची मदत मेथडिस्ट सभासदांसाठी नाही; ती शहरात आलेल्या अनोळखी, आजारी आणि निराधार माणसांसाठी आहे. वर्ग हा आतल्यांचा सांभाळ होता आणि ही संस्था बाहेरच्यांचा. मेथडिस्ट परंपरेला या दोन्हींची एकाच वेळी गरज भासली, ही या कुळकथेतील सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

भारताच्या दिशेने ही चाल समुद्रमार्गे आली. वेस्ली यांचे सहकारी टॉमस कोक १८१३ च्या अखेरीस सहा तरुण उपदेशकांना घेऊन श्रीलंकेकडे निघाले, मे १८१४ मध्ये ते प्रवासातच वारले आणि त्यांच्यामागे उरलेल्यांपैकी बहुतेक तरुण जूनअखेर गॉल बंदरात उतरले. त्यांपैकी जेम्स लिंच हे आयरिश उपदेशक जाफन्याहून १८१७ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, आले. रॉयपेट्ट्यातील प्रार्थनामंदिर १८१९ मध्ये आणि ब्रॉडवेवरील १८२२ मध्ये खुले झाले. मद्रासच्या पहिल्या वर्गांत इंग्रजी बोलणारे सैनिक, कारकून आणि मिश्र वंशाची कुटुंबे होती. तमिळ वर्ग हळूहळू जमले, आणि त्यासाठी एलिजा हूल यांच्यासारख्या उपदेशकांना १८२० च्या दशकात तमिळ भाषेचा कसून अभ्यास करावा लागला.

येथे वर्गसभेला ब्रिस्टलमध्ये न भेटलेला प्रश्न भेटला. बारा माणसे एका खोलीत बसायची, तर ती कोणकोणत्या जातींची आणि कोणाच्या घरात, हा तो प्रश्न. एकत्र जेवणे ही दक्षिणेकडील प्रॉटेस्टंट मिशनांमध्ये जातिभेदाची कसोटी ठरली, कारण उपासनेत शेजारी बसणारा माणूसही शेजाऱ्याच्या हातचे खाण्याच्या वेळी मागे सरत असे. इंग्लंडमध्ये ज्या पाव-पाण्याच्या मेळाव्यात तिकीट लागत होते, त्या मेळाव्याला मद्रासमध्ये तिकिटापेक्षा अवघड अट आपोआप लागू झाली. ही अट सर्व ठिकाणी पाळली गेली असे म्हणता येणार नाही, आणि तमिळनाडूच्या चर्चमधील जातीचा प्रश्न आजही मिटलेला नाही. मुळांकडे परत जाण्याची भाषा करणाऱ्या कोणत्याही मंडळीने या पानावरून पुढे सरकण्याची घाई करू नये.

घरोघर जाण्याच्या सवयीचे सर्वांत ठसठशीत फळ शहराच्या पश्चिमेला तिरुवळ्ळूरजवळच्या इक्काडू गावात दिसते. १८८२ मध्ये भारतात आलेले वेस्लियन मिशनरी विल्यम गाउडी यांनी त्या भागातील परैयर समाजाच्या वस्त्यांमध्ये, म्हणजे तमिळमध्ये ज्यांना चेरी म्हणतात त्या गावाबाहेरच्या वस्त्यांमध्ये, दीर्घकाळ काम केले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या या माणसांच्या दारात बसल्यावर त्यांच्या दुःखाचे मूळ स्वतःची जमीन नसण्यात आहे, राहत्या झोपडीखालची जागासुद्धा मालकाची असल्याने त्यांना आवाज काढता येत नाही, हे गाउडी यांना उमगले आणि त्यांनी हा विषय मद्रासच्या वृत्तपत्रीय व सरकारी चर्चेत नेला. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे ॲडम अँड्र्यू हेही त्याच मागणीसाठी झटत होते. चिंगलपुटचे जिल्हाधिकारी ट्रेमेनहीर यांनी १८९१ मध्ये परैयर समाजाच्या स्थितीवर विस्तृत टिपण सादर केले आणि १८९२ मध्ये सरकारने या समाजाला जमिनी देण्याचा आदेश काढला. त्या जमिनी ठरावीक मुदतीपर्यंत विकता येणार नव्हत्या आणि नंतरही त्याच समाजाबाहेर जाऊ नयेत अशी तजवीज होती. आज तमिळनाडूत ‘पंचमी’ जमीन म्हणून ज्यांच्यासाठी दलित संघटना लढत आहेत, त्या याच. इक्काडूला रुग्णालय आणि मुलींना लेस विणण्याचे काम शिकवणारी शाळा हीदेखील मेथडिस्टांची कामे होती, आणि पुढे मद्रास शहरात मैलापूरच्या बाजूला कल्याणी रुग्णालय उभे राहिले, जे आज चर्च ऑफ साउथ इंडियाच्या नावाने चालते.

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी या कुळाची दुसरी शाखा मुंबईमार्गे मद्रासला पोहोचली. अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर, ज्यांनी सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर प्रवचने केली होती, १८७१ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत आले. त्यांच्या सभांना येणाऱ्यांना त्यांनी घरांतून भरणाऱ्या वर्गांत बांधले; हे वर्ग पगारी मिशनऱ्यांनी चालवायचे नव्हते, तर टपाल कचेरीत, रेल्वेत आणि व्यापारी पेढ्यांत नोकरी करणाऱ्या सभासदांनी चालवायचे होते, आणि परदेशी मिशनचा पैसा न घेता मंडळीने आपला खर्च आपण भागवावा यावर टेलर यांचा कटाक्ष होता. मुंबईत १८४८ पासून राहणारे, मिशनचा पगार नाकारून बाजारपेठेतल्या साध्या खोलीत आयुष्य काढणारे आणि ‘बॉम्बे गार्डियन’ पत्र चालवणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले, तेव्हा या चळवळीला शहराने आधीच आदराने पाहिलेला माणूस लाभला. १८७४ मध्ये टेलर मद्रासला गेले आणि तेथेही घरांतील वर्गांपासूनच आरंभ झाला; वेपेरीतील इमॅन्युएल मेथडिस्ट चर्च आपले मूळ त्याच वर्षात पाहते. या पंथाची दक्षिण भारत कॉन्फरन्स, म्हणजे प्रांतातील मंडळ्यांची वार्षिक प्रातिनिधिक परिषद, १८७६ मध्ये मुंबईतच स्थापन झाली, त्यामुळे मद्रासच्या या मेथडिस्टांचे संस्थात्मक जन्मगाव मुंबई म्हणावे लागते.

दोन्ही शाखा पुढे वेगळ्या वाटांनी गेल्या. ब्रिटिश परंपरेच्या मेथडिस्टांनी १९२५ पासून ऐक्याच्या वाटाघाटींत भाग घेतला आणि २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्जेस कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. अमेरिकन परंपरेची शाखा त्यात गेली नाही आणि १९८१ मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वायत्त झाली. संयुक्त चर्चमध्ये मेथडिस्टांनी आणलेली एक ठेव सर्वांची झाली, ती म्हणजे कराराची उपासना: ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात वेस्ली यांनी सुमारे १,८०० माणसांना उभे करून देवाशी केलेला करार नव्याने उच्चारायला लावला. ही उपासना नववर्षाच्या आरंभी घेण्याचा प्रघात मेथडिस्टांनी पाडला आणि संयुक्त चर्चच्या उपासना-पुस्तकात तिला स्थान मिळाले.

वर्गसभेला मात्र असे पुस्तकातले स्थान मिळाले नाही, आणि तिचे तुकडे झाले. आठवड्याच्या पेनीचा वारसा तमिळ मंडळ्यांत ‘संदा’ म्हणजे नियमित वर्गणी या रूपाने उरला आहे. ती भरणाऱ्याचे नाव मंडळीच्या मतदारयादीत राहते, पण ती चर्चच्या कचेरीत भरली जाते, घरी येऊन कोणी ती मागत नाही आणि म्हणून घरात काय चालले आहे हेही कोणाला दिसत नाही. सभेचा वारसा घरोघरच्या प्रार्थना-मेळाव्यांत उरला आहे, ज्यांचा भार बहुतेक ठिकाणी स्त्रियाच वाहतात. तेथे गाणे आहे, वचन आहे, प्रार्थना आहे, परंतु वर्गनायकाने गरिबांसाठी काही स्वीकारावे आणि कोण संकटात आहे ते त्याच आठवड्यात पाळकाला कळवावे, हा नियमबद्ध भाग सैल झाला आहे. २००४ च्या त्सुनामीत आणि २०१५ च्या पुरात शहरातील इतर धर्मस्थळांप्रमाणे चर्चच्या आवारांतही अन्नाची पाकिटे बांधली गेली. ती सेवा खरी आणि मोलाची होती, पण ती आपत्तीची सेवा होती. वर्गसभा ही आपत्ती नसलेल्या आठवड्यांची व्यवस्था होती.

हे तुकडे पुन्हा जोडण्याला मोठा निधी लागत नाही. मंडळीच्या कुटुंबांची भौगोलिक विभागणी बहुतेक पाळकांच्या वहीत असतेच. प्रत्येक विभागाला एक नायक किंवा नायिका, बारापेक्षा फार अधिक नसलेली घरे, आठवड्याची भेट आणि आजारी, बेकार, एकाकी माणसांची पाळकाकडे जाणारी नोंद, एवढ्यावर जुनी व्यवस्था उभी होती. चेन्नईत मात्र त्या वहीला दुसरे पान लागेल. बिहार, ओडिशा आणि ईशान्येकडून आलेले बांधकाम मजूर, हॉटेलांतील कामगार आणि रुग्णालयांच्या भोवती नातेवाइकांसाठी दिवसचे दिवस थांबलेली परगावची कुटुंबे रॉयपेट्टा, एग्मोर, वेपेरी या याच वस्त्यांत राहतात. त्यांची नावे कोणत्याही मंडळीच्या यादीत नाहीत, त्यांतील बहुतेक ख्रिस्ती नाहीत, आणि वेस्ली यांच्या काळच्या ‘स्ट्रेंजर्स फ्रेंड सोसायटी’च्या नियमानुसार मदतीवर पहिला हक्क त्यांचाच ठरतो.