माजिवडा परिसरातील सहलीची ठिकाणे

माजिवडा हा महाराष्ट्रातील ठाणे शहराचा उपनगरी भाग आहे. मुंबई–नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता येथे एकमेकांना मिळतात. त्यामुळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, वसईची खाडी, कल्याण, भिवंडी आणि शहापूर या दिशांना वाहनाने एका दिवसात जाऊन परतता येते. या टापूतील बहुतेक ऐतिहासिक स्थळे खाडी वा नदीच्या काठी आहेत. रस्ते होण्यापूर्वी येथील व्यापार आणि लष्करी हालचाली मुख्यतः जलमार्गाने चालत.

== येऊर ==
येऊर हे माजिवड्याच्या पश्चिमेकडील डोंगरावर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या ठाणे बाजूला वसलेले आहे. उपवन तलावाजवळून वर रस्ता जातो. सुमारे १०४ चौ. किमी क्षेत्राच्या या उद्यानात बिबट्याचा अधिवास असून येऊरच्या पाड्यांमध्ये वारली व अन्य आदिवासी समाज राहतात. पक्षिनिरीक्षण आणि निसर्गशिबिरे यांसाठी येऊर प्रसिद्ध आहे. वनक्षेत्रात प्रवेशासाठी वनविभागाचे नियम लागू असतात.

घोडबंदर रस्त्याच्या उत्तरेस, खाडीच्या बाजूला उद्यानाचा नागला विभाग आहे. हा रस्ता मुख्य जंगल आणि नागला यांच्यामधून जातो. रस्त्यावरील वाढती वाहतूक हा वन्यप्राण्यांच्या संचारातील मोठा अडथळा ठरला आहे.

== घोडबंदर किल्ला ==
माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याने पश्चिमेकडे गेल्यास उल्हास नदीच्या खाडीलगत हा किल्ला लागतो. तो सध्या मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे. घोड्यांच्या व्यापारावरून या बंदरास हे नाव पडले, असे मानले जाते. पोर्तुगीजांच्या ताब्यातील हा किल्ला १७३७ साली साष्टीच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला. त्याच वर्षी ठाण्याचा किल्लाही मराठ्यांकडे आला. त्या किल्ल्यात आता मध्यवर्ती कारागृह आहे.

== अंजूर आणि वज्रेश्वरी ==
माजिवड्याहून बाळकूम, कशेळीमार्गे भिवंडीकडे जाताना अंजूर गावाचा परिसर लागतो. साष्टी-वसईच्या मोहिमेत महत्त्वाची भूमिका बजावणारे गंगाजी नाईक अंजूरकर येथील होत.

भिवंडीच्या पुढे तानसा नदीच्या खोऱ्यात वज्रेश्वरी देवीचे मंदिर आहे. वसईचा किल्ला जिंकल्यास मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला होता, अशी परंपरा आहे. मे १७३९ मध्ये वसई मराठ्यांच्या हाती आली. मंदिराची तटबंदी एखाद्या गढीसारखी भासते. जवळच अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. गणेशपुरीत स्वामी नित्यानंद (मृत्यू १९६१) यांचे समाधिमंदिर आहे.

== कल्याण, टिटवाळा आणि अंबरनाथ ==
महामार्गावरील रांजणोली नाक्याहून कोनमार्गे कल्याणला जाताना उल्हास नदीच्या काठी दुर्गाडी किल्ला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यानंतरच्या काळात मराठा आरमाराची पायाभरणी या खाडीत झाली, असे मानले जाते. कल्याणच्या पुढे काळू नदीच्या काठावरील टिटवाळा येथे महागणपतीचे मंदिर आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर हे या परिसरातील सर्वांत प्राचीन वास्तूंपैकी एक होय. येथील शिलालेखानुसार मंदिराचा काळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असून तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीतील आहे. भूमिज शैलीतील या मंदिराच्या बाह्यभिंती शिल्पांनी भरलेल्या आहेत. गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. या मंदिरास अनेकदा ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. परंतु ज्याच्या नावाने ती शैली ओळखली जाते तो हेमाद्री सुमारे दोनशे वर्षांनंतरचा आहे. मंदिरालगत वाहणारी वालधुनी नदी औद्योगिक आणि नागरी सांडपाण्याने गंभीररीत्या प्रदूषित झाली आहे.

== माहुली आणि तानसा ==
नाशिकच्या दिशेने आसनगावजवळ माहुली किल्ला आहे. माहुली, भंडारगड आणि पळसगड असा हा दुर्गसमूह असून त्याची उंची सुमारे ८५८ मीटर आहे. निजामशाही वाचवण्याचा शहाजीराजांचा प्रयत्न १६३६ साली याच किल्ल्यावर संपुष्टात आला. पुरंदरच्या तहात (१६६५) मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांमध्ये माहुलीचा समावेश होता. १६७० साली तो परत घेण्यात आला. पायथ्याच्या माहुली गावातून चढण सुरू होते. चढ दीर्घ आणि दमछाक करणारा असल्याने पहाटे निघणे सोयीचे ठरते.

किल्ल्याभोवतीचे जंगल तानसा अभयारण्याशी संलग्न आहे. तानसा जलाशय १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवतो.

== ठाणे खाडी ==
माजिवड्याच्या दक्षिणेस ठाणे खाडीतील काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रातून भरती-ओहोटीच्या वेळा पाहून नौकाफेरी केली जाते. रोहित पक्ष्यांचे थवे मुख्यतः हिवाळा आणि उन्हाळ्यात दिसतात.

== भेटीचा काळ ==
ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ किल्ले आणि जंगलभ्रमंतीसाठी अनुकूल असतो. पावसाळ्यात धबधबे आणि तलावांच्या परिसरात बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडत असल्याने प्रशासन अशा ठिकाणी वेळोवेळी प्रवेशबंदी लागू करते. माजिवडा चौक आणि घोडबंदर रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ वाहतूक कोंडी होते. कल्याण, अंबरनाथ, टिटवाळा आणि आसनगाव ही ठिकाणे मध्य रेल्वेच्या उपनगरी गाड्यांनीही गाठता येतात.