आकडी: झाडावरून रणात

गोव्यातल्या आमोण्याच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, काम करणाऱ्या माणसाला मागून पाहावं. कमरेला दोरी, दोरीत ओवलेली लाकडाची आकडी आणि आकडीत अडकवलेला कोयता: मूठ वर, उजव्या हाताच्या टप्प्यात; पातं खाली, माकडहाडाच्या बाजूला लोंबतं. म्यान नाही, चामडं नाही. डिचोलीत, पेडण्यात, पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीत हेच दिसतं. इतकं रोजचं, की या आकडीला काही कूळ असेल असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही आलं नसतं, जर कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) कोडव लोकांचे लग्नातले फोटो पाहण्यात आले नसते.

कोडव नवरदेवाच्या वेषात पुढे रेशमी शेल्यात पीचेकत्ती खोवलेली असते. तिला रुप्याची नक्षीची म्यान असते आणि सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच जातं. पण पाठीमागे आणखी एक हत्यार असतं: ओडिकत्ती, रुंद, पुढे वळलेलं, जड पातं. ते उघडंच असतं आणि कमरेमागे एका पितळी आकड्यात अडकवलेलं असतं. त्या आकड्याला तिथे तोडंग म्हणतात. रिश्टर या मिशनऱ्याने 1870 मध्ये कोडगूचं मॅन्युअल लिहिलं, एगर्टनने 1880 मध्ये हिंदुस्थानी शस्त्रांची सूची केली. तेव्हापासून शस्त्रसंग्राहक या तोडंगाकडे लढवय्या जमातीची खास चीज म्हणून पाहत आले आहेत. पितळ बाजूला ठेवून नुसती रचना पाहा. कमरेमागे आकडा, त्यात नागडं पातं, मूठ वर. आमोण्याची आकडी आणि ही, दोन्ही एकच वस्तू आहेत.

मग कोण कुणाकडून आलं? शस्त्रांच्या अभ्यासकाला सुचणारा सरळ तर्क असा: आधी योद्धा, मग शेतकरी. सैनिकाची रीत खाली झिरपली, पितळेचं लाकूड झालं. मला हे उलटं वाटतं. आकडी झाडावर जन्मली आणि तिथून रणात गेली.

पुरावा माणसाच्या अंगावरच आहे. तरवार बांधणारा ती डाव्या कुशीला बांधतो, म्हणजे उजवा हात आडवा नेऊन उपसता येते. घोडेस्वार असो वा प्यादा, मराठा असो वा पोर्तुगीज, यात फरक नाही. कुशीला लटकणारं हत्यार घेऊन माडावर मात्र चढता येत नाही. चढताना पोट, छाती, मांड्या, दोन्ही बाहू खोडाला घासत असतात. कुशीत काही असलं तर ते झापात, वेलीत, दुसऱ्या पोफळीच्या कांबीत अडकतं. चढणाऱ्याच्या शरीराचा झाडाला न लागणारा एकच भाग उरतो, तो कमरेचा मागचा खळगा. आकडी नेमकी तिथे आहे. जमिनीवर लढणाऱ्याला हत्यार पाठीमागे ठेवण्याचं तसं काही कारण नाही; समोरून शत्रू येत असताना हात मागे न्यावा लागणं ही अडचणच. तरीही कोडव योद्धा ते पाठीमागे वागवतो. ही सवय त्याला वनातून, राईतून मिळालेली असणार.

आता म्यान का नाही, हे पाहू. कोयत्याला पुढे चोच असते. फांदी ओढून घ्यायला, झावळ्या अडकवून खेचायला ती लागते. असं पातं म्यानेत घालायचं तर म्यान चोचीएवढी रुंद हवी, आणि मग पातं आत खुळखुळतं. इथे माझ्या मताला नेपाळची खुकरी आडवी येते, हे मान्य करतो. तीही पुढे वळलेली, तीही कमरेमागे खोवतात, आणि तिला चामड्याने मढवलेली लाकडी म्यान असते. पण खुकरीला वाक आहे, चोच नाही. शिवाय गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भिजलेल्या म्यानेत, फणसाच्या चिकाने माखलेलं पातं दोन दिवस ठेवून पाहावं. गंज आणि चीक मिळून ते आतच धरतं. उघड्या आकडीत वारा लागतो.

आकडी करायला सोपी, पण त्यातलं प्रत्येक माप विचारपूर्वक ठरलेलं आहे. शिवणीचा किंवा फणसाचा वीतभर लांब, चार बोटं रुंद तुकडा घ्यायचा. अंगाकडची बाजू किंचित खोलगट तासायची, म्हणजे पाठीला रुतत नाही. बाहेरच्या बाजूला उभी आरपार खाच. ती इतकीच रुंद की पातं सरकेल आणि मुठीची कड मात्र वर अडेल. दोन टोकांना दोन भोकं. खाच फार घट्ट झाली तर एका हाताने कोयता निघत नाही, आणि माडावर दुसरा हात मोकळा नसतोच. फार सैल झाली तर वाकल्यावर कोयता निसटतो आणि खाली उभ्या माणसावर पडतो. धार अंगाकडे नाही, बाजूला वळवायची. जिथे एवढं कोरकाम करायला वेळ नाही तिथे झाडाचीच वाकडी बेचकी कापून घेतात. लोहार लोखंडी पट्टी वाकवूनही देतो.

दोरी पूर्वी केवणीच्या सालीची किंवा काथ्याची. केवण म्हणजे जिला मुरुडशेंग येते ते झुडूप. तिच्या सालीचे तंतू भिजवून, वळून चिवट दोर होतो. दोरी दुहेरी करून भोकांतून ओवायची, कमरेभोवती दोन वेढे, आणि पुढे सुरगाठ. निरगाठ कधीच नाही. आकडी कुठे अडकली आणि माणूस लोंबकळला, तर एका हिसक्यात दोरी सुटली पाहिजे. सुरगाठीची ही शिस्त लढाईतून आलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. सैनिकाला कमरेचा पट्टा सुटायला नको असतो.

पोर्तुगीजांच्या तरवारीच्या पट्ट्यावरून आकडी आली असेल, असाही एक तर्क करता येईल. तो डिचोली-पेडण्यात टिकत नाही. हे महाल नव्या काबिजादीतले. डिचोली 1781 ला आणि पेडणे 1788 ला सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे कायमचे गेले. तोवर राई-कुळागरं शेकडो वर्षं पिकत होती आणि माडावर माणसं चढतच होती. शिवाय जिथे पोर्तुगीजांचा अंमल फारसा पोचला नाही त्या सह्याद्रीच्या कुशीत, रायगड-ठाण्याच्या डोंगरांतल्या ठाकर, कातकरी वस्त्यांत, आकडी आहेच. तिथे पोफळी नाहीत, पण राब आहे. भाताचा तरवा टाकण्याआधी जमीन भाजायला झाडाच्या फांद्या उतरवाव्या लागतात, आणि त्यासाठी वर चढावं लागतं. गोव्यात आणि कारवारकडे कुमेरीच्या, म्हणजे जंगल तोडून-जाळून करायच्या फिरत्या शेतीतही जंगलतोडीचं काम कोयत्याचंच.

सगळ्यात बोलका पुरावा घाट ओलांडला की मिळतो. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला लाखो हातांत कोयता आहे. मराठवाड्यातून येणाऱ्या जोडप्यांच्या मजुरीचा हिशेबच ‘एक कोयता’ असा होतो. तिथे कोयता हातात असतो, खांद्यावर असतो, गाडीत टाकलेला असतो. कमरेला आकडी नाही. ऊस जमिनीवरून तोडायचा आहे. झाड गेलं तशी आकडी गेली.

कोयत्याच्या नावाचं कूळही मला दक्षिणेकडेच नेतं. कुणी ते संस्कृत ‘कृत्’पासून काढील. पण त्या धातूपासून मराठीत ‘कातर’, ‘कातरणे’ आले. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराची ‘काती’ही त्याच घरची दिसते. मग ‘कोयत्या’त मधला ‘य’ कुठून यावा? कानडीत ‘कोय्’ म्हणजे कापणं, मल्याळमात ‘कोय्त्तु’ म्हणजे कापणी. ओढाताण न करता ‘कोयता’ इथून निघतो. अवजार, त्याचं नाव आणि ते अंगावर वागवायची रीत, तिन्ही एकाच किनारपट्टीवर, माड-पोफळीच्या सावलीत फिरली असं माझं म्हणणं आहे. कोण आधी, कोण नंतर, हे लाकूड आणि सुंभ सांगणार नाहीत. या हवेत ते कुजतात. वीरगळ आणि बेताळाच्या मूर्तीही इथे कामाच्या नाहीत, त्यांत शस्त्र हातात असतं.

पण कोडव लग्नात एक विधी आहे. वऱ्हाडी मंडळी दारात रोवलेले केळीचे सोट ओडिकत्तीने एका घावात तोडतात. तो शौर्याचा मान समजला जातो. मला त्यात बागायतदाराचा हात दिसतो. शत्रूच्या नावानेही तिथे कापली जाते ती केळच.

हत्यार आणि अवजार यांची फारकत पुढे कायद्याने केली. 1857 नंतर इंग्रजांनी आपल्या मुलखात निःशस्त्रीकरण केलं तेव्हा 1861 मध्ये कोडवांना सूट मिळाली आणि ओडिकत्ती त्यांच्या पाठीवर राहिली, शस्त्र म्हणून. 1959 च्या शस्त्र कायद्यात मात्र निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी केलेली वस्तू शस्त्रात मोडत नाही. त्यामुळे आमोण्याच्या माणसाला कोयत्यासाठी कसलीच सूट मागावी लागली नाही. त्याचा कोयता आता बहुधा ट्रकच्या मोडक्या कमानीच्या पात्याचा असतो; खाणींच्या तालुक्यात त्यांची कधी वाण पडली नाही. दोरी नायलॉनची झाली आहे, कारण केवण सोलायला कुणाला सवड नाही. नायलॉनची सुरगाठ भिजली की निसटते, म्हणून जाणते लोक तिला एक जादा पेड देतात.