संकेतस्थळांची सुगम्यता व तिचे यांत्रिक परीक्षण

वऱ्हाडातील प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी शैशवातच दृष्टी गमावूनही विपुल ग्रंथरचना केली. ग्रंथ त्यांस इतरांकरवी वाचून घ्यावे लागत. माणूस वाचत असता त्यास थांबवून अर्थ विचारता येतो. आज अकोटच्या एखाद्या अंध शेतकऱ्यास सातबाऱ्याचा उतारा संकेतस्थळावर पाहावयाचा झाल्यास संगणकाचा आवाज हाच त्याचा वाचक होय. पानावर जे नीट नोंदलेले नाही, ते हा वाचक सांगू शकत नाही.

अशा उणिवा हुडकण्यासाठी अमेरिकेत १९९६ मध्ये ‘बॉबी’ ही परीक्षणप्रणाली निघाली; १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष सिद्ध झाले. भारतात ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुगम्यता हा जीविताच्या हक्काचाच भाग ठरविला.

जुनी प्रणाली चित्रास वर्णन जोडले आहे की नाही, यांसारख्या ठराविक बाबीच पाहते. कृत्रिम बुद्धीचा ‘एजंट’ स्वतः अर्ज भरून वाट कोठे अडते तेही दाखवू शकतो. तथापि युनिकोडपूर्व टंकातील मराठी मजकूर डोळ्यांस देवनागरी दिसला, तरी कानांवर निरर्थक रोमन अक्षरेच पडतात. मजकूर ‘आहे’ म्हणून जुनी प्रणाली त्यास उत्तीर्ण करते. पडद्याचे चित्र पाहणारा एजंटही तो सहज वाचून पुढे जातो. दोघांसही अडथळा जाणवत नाही. सबब एजंटास पडद्याचे चित्र न देता केवळ ध्वनिवाचकास मिळणारा मजकूर द्यावा, आणि अंतिम निर्णय अंध वाचकाकडेच ठेवावा, हे युक्त होय.