महाविद्यालयीन संमेलने आणि समाज : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाविद्यालय म्हटले म्हणजे वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि परीक्षा एवढेच चित्र पालकांच्या डोळ्यांपुढे सामान्यतः उभे राहते. स्नेहसंमेलन, वादविवाद मंडळ, नाट्यस्पर्धा, हस्तलिखित, श्रमदानाचे शिबिर इत्यादी गोष्टी म्हणजे फावल्या वेळची करमणूक होय, आणि ती जितकी कमी तितकी बरी, अशी समजूत आपल्यातील पुष्कळ वडीलधाऱ्या मंडळींची असते. मुलाने शिष्यवृत्ती मिळवावी, पदवी घ्यावी, नोकरीस लागावे. हे बाकीचे उपद्व्याप कशास, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न अगदीच अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पोटास चिमटा घेऊन मुलास शिकविणाऱ्या आईबापांनी तो विचारावा हे स्वाभाविकच आहे. परंतु महाराष्ट्राच्या शिक्षणाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळून पाहिला असता निराळीच गोष्ट दृष्टीस पडते. आज आपण ज्या सुधारणांचा अभिमानाने उल्लेख करतो, त्यांपैकी कित्येकांचा आरंभ विद्यार्थ्यांच्या सभांतून आणि वसतिगृहांतून झालेला आहे. मात्र तो तेव्हाच झाला, जेव्हा त्या सभेचे दार समाजाकडे उघडे राहिले. या एका गोष्टीकडे ज्ञातिबांधवांचे व भगिनींचे लक्ष वेधावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याच्याही नऊ वर्षे आधी, जून १८४८ मध्ये, मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी एक सभा स्थापन केली. ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ हे तिचे नाव. प्रोफेसर पॅटन हे तिचे पहिले अध्यक्ष, आणि त्या वेळी जेमतेम बावीस वर्षांचे असलेले दादाभाई नौरोजी हे तिच्या धुरीणांपैकी एक. ठरलेल्या दिवशी जमावे, कोणी तरी निबंध वाचावा आणि त्यावर इतरांनी चर्चा करावी, असा सभेचा साधा क्रम होता. आजच्या कोणत्याही वाङ्मय मंडळाहून यात वेगळे असे काही दिसत नाही.

वेगळेपण पुढे आहे. इंग्रजीत निबंध वाचून आपण शहाणे झालो, पण आपल्या घरच्यांचे व शेजाऱ्यांचे काय, हा प्रश्न या तरुणांस पडला. म्हणून त्याच वर्षी त्यांनी मराठी व गुजराथी अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा काढल्या. इंग्रजी न जाणणाऱ्या नागरिकांस त्यांच्याच भाषेत शास्त्र, इतिहास व समाजस्थिती यांविषयी व्याख्याने ऐकवावी, हा या शाखांचा उद्देश. मराठी शाखेच्या अध्यक्षपदी मराठी भाषेचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे होते.

पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, स्त्रीशिक्षणावरील एक निबंध या सभेत वाचला गेला. निबंध ऐकून टाळ्या वाजवाव्या व घरी जावे, ही सभांची नेहमीची रीत. या सभेत तसे घडले नाही. जे बोलतो ते करून दाखवू, असा निश्चय सभासदांनी केला आणि मुलींच्या शाळा स्वतःच उघडल्या. आरंभी ४४ पारशी व २४ हिंदू मुली या वर्गांत आल्या. शिकविणारे हेच तरुण. सकाळी आपल्या नित्याच्या कामापूर्वी काही तास त्यांनी शिकवावे आणि त्याबद्दल एक पैही घेऊ नये, असा नेम होता. मुली मिळविण्यासाठी दादाभाई व त्यांचे सहकारी घरोघर हिंडले. ओसरीवर बसून आईबापांची मनधरणी करावी, तर काही ठिकाणी पायऱ्यांवरून ढकलून देण्याची धमकी मिळे. तरी त्यांनी तो नाद सोडला नाही.

समाजातील थोरांनी या वेळी काय केले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. नाना शंकरशेट यांनी आपल्या गिरगावातील वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. पारशी समाजातील कामा मंडळींनी खर्चाचा भार उचलला. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी सभेचे नेतृत्व केले व कन्याशाळेस आधार दिला. तरुणांनी कल्पना काढावी, श्रम करावे, आणि वडीलधाऱ्यांनी जागा, द्रव्य व प्रतिष्ठा यांचे पाठबळ द्यावे, असा हा सुंदर मिलाफ होता. याच काळात पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी याहून कितीतरी अधिक विरोध सोसून, आणि समाजाच्या अगदी तळच्या थरापर्यंत जाऊन, हेच कार्य चालविले होते. मुंबईच्या विद्यार्थ्यांची सभा मुख्यतः वरच्या थरातील मुलांची होती, ही तिची मर्यादा विसरून चालणार नाही. तथापि विद्यार्थ्यांच्या एका साध्या निबंधवाचनातून कन्याशाळा निघू शकते, हा धडा तिने घालून दिला.

व्याख्यानपीठ आणि रंगभूमी

पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. महाविद्यालयीन विद्वानाने उन्हाळ्याच्या संध्याकाळी सामान्य नागरिकांपुढे उभे राहून बोलावे आणि दुकानदार, कारकून व विद्यार्थी यांनी शेजारी बसून ऐकावे, ही प्रथा या मालेने रूढ केली. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाल्यावर पुण्याच्या या जीवनास आणखी बळ मिळाले. महाविद्यालयांची वार्षिक संमेलने हळूहळू प्रतिष्ठा पावली. नाट्यप्रयोग, वक्तृत्वस्पर्धा, क्रीडासामने, सहभोजन, आणि शेवटी एकमेकांची निर्मळ थट्टा करणारे शेलापागोटे, असा त्यांचा थाट महाराष्ट्रातील बहुतेक शिक्षित घरांस परिचित आहे. पुढे १९६३ साली पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. मराठी रंगभूमीस या स्पर्धेने कितीतरी नट, लेखक व दिग्दर्शक दिले. तेव्हा ज्याला आपण ‘नाटकाचा नाद’ म्हणून नाक मुरडतो, तो नाद पुष्कळांस जन्माचे कार्य मिळवून देणारा ठरला आहे.

कोल्हापूरची वसतिगृहे

आता आम्ही अशा विषयाकडे वळतो, की ज्याचा आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांशी अगदी निकटचा संबंध आहे. राजर्षी शाहू छत्रपतींनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी प्रथम सर्व जातींस खुले असे वसतिगृह काढले होते. परंतु त्याचा लाभ प्रत्यक्षात एकाच वर्गाच्या मुलांस होऊ लागला. खेड्यातील कुणब्याच्या, कारागिराच्या मुलास तेथे पाऊल ठेवण्याचे धैर्यच होईना. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यानंतर जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, नामदेव शिंपी इत्यादी समाजांची वसतिगृहे एकामागून एक उभी राहिली, आणि १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. ज्या त्या समाजाने आपल्या मुलांची जबाबदारी घ्यावी, दरबाराने जागा व साहाय्य द्यावे, असे धोरण होते. आज महाराष्ट्रात ज्ञातिसंस्थांची जी शेकडो वसतिगृहे व शिष्यवृत्त्या दिसतात, त्यांमागे या धोरणाची प्रेरणा फार मोठी आहे.

हे वसतिगृह म्हणजे शहराच्या वाटेवरील आपल्या माणसांचे घर. खेड्यातून आलेल्या पोराला तेथे आपली बोली ऐकू येई, आपले अन्न मिळे. परंतु प्रत्येक घराला जशी दारे असतात तशा भिंतीही असतात, याची साक्ष देणारी एक गोष्ट येथे सांगणे अवश्य आहे. राजाराम हायस्कुलात शिकणारा भाऊराव पायगौंडा पाटील नावाचा विद्यार्थी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत असे. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटन समारंभास तो गेला. परतल्यावर, विटाळ झाला म्हणून स्नान करून शुद्ध हो, असे त्यास सांगण्यात आले. त्याने साफ नकार दिला आणि बोर्डिंग सोडण्याची पाळी त्याच्यावर आली. शाहू महाराजांनी त्यास आश्रय दिला.

एका समारंभास जाण्यावरून एका विद्यार्थ्याचे घर सुटले. पण त्या एका नकारातून पुढे केवढे कार्य उभे राहिले पाहा. १९१९ साली याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीस जेवत. शाहू महाराजांच्या ज्ञातिनिहाय वसतिगृहांनी दार उघडले, भाऊरावांनी आतल्या भिंती काढल्या. ही दोन कार्ये परस्परविरोधी नसून एकाच जिन्याच्या लागोपाठच्या पायऱ्या आहेत, असे आमचे मत आहे. ज्ञातिसंस्थेने पहिल्या पायरीवरच कायमचे बसून राहावे, अशी राजर्षींची इच्छा खासच नव्हती.

सातारा, मुंबई आणि औरंगाबाद

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, कर्मवीरांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. येथे ‘कमवा व शिका’ हे तत्त्व महाविद्यालयाच्या जीवनातच गोवलेले होते. विद्यार्थ्याने शेतात राबावे, दगडमातीचे काम करावे आणि त्या श्रमावर शिकावे. हाताला घट्टे पडलेला मुलगा पदवीधर होऊ लागला, आणि पदवीधर झाला तरी त्यास कुदळीची लाज वाटेनाशी झाली. पुढे महाराष्ट्रातील विद्यापीठांनीही ‘कमवा व शिका’ योजना स्वीकारल्या.

इकडे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादेस पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय काढले. सिद्धार्थमध्ये विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरविली जाई. ज्यांच्या वाडवडिलांस गावच्या चावडीवरही बोलण्याचा अधिकार नव्हता, त्यांची मुले तेथे देशाच्या कारभारावर नियमबद्ध वाद करण्यास शिकली. मिलिंदमधील प्राध्यापक म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले. १९५६ साली नागपूर येथे धम्मदीक्षेच्या प्रसंगी जमलेल्या अफाट जनसमुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. महाविद्यालयीन वातावरणात जन्मलेली कलाकृती लोकसागरापुढे उभी राहिल्याचे याहून बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही. पुढे दलित साहित्याचे जे युग अवतरले, त्याची मशागत मिलिंदच्या परिसरात झाली, हे सर्वमान्य आहे.

यानंतर शासनानेही या क्षेत्रात पाऊल टाकले. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाकाठी १२० तास समाजसेवेस द्यावे व खेड्यातील सात दिवसांच्या शिबिरात राहावे, असा तिचा दंडक आहे. कोठे ही शिबिरे मनापासून होतात. कोठे ती छायाचित्रापुरती व प्रमाणपत्रापुरती उरतात. खेड्यात सात दिवस राहूनही ज्याने कोणाच्या ओसरीवर बसून चार गोष्टी ऐकल्या नाहीत, त्याने खड्डे खणले असतील, सेवा केली असे म्हणवत नाही.

आपले कर्तव्य

आता स्वतःकडे पाहू. आपल्यासारख्या अनेक ज्ञातिसंस्थांचे वार्षिक मेळावे भरतात. गुणवंत विद्यार्थ्यांस व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्र व पाकीट दिले जाते. विद्यार्थी वाकून नमस्कार करतो व खाली उतरतो. तासन् तास भाषणे होतात, ती वडील मंडळींची. ज्याच्या नावाने समारंभ, त्याच्या तोंडचा एक शब्दही कोणाच्या कानी पडत नाही. गुणांची टक्केवारी वाचली जाते, पण त्याने नाटकात काम केले काय, शिबिरात गेला काय, भिंतीवरील अंकात काही लिहिले काय, हे कोणी विचारीत नाही. कन्येच्या बाबतीत तर संध्याकाळच्या तालमीस किंवा परगावच्या शिबिरास जाण्याची अनुज्ञा मिळण्यापासूनच अडचण असते. १८४९ साली परक्या मुलींसाठी घरोघर हिंडणाऱ्या त्या तरुणांपुढे आपण हे कोणत्या तोंडाने सांगावे?

याकरिता काही साध्या सूचना आम्ही मंडळापुढे ठेवतो. मेळाव्यातील एक संपूर्ण सत्र विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावे. विषय त्यांनी निवडावा, अध्यक्ष त्यांच्यातीलच असावा, आणि वडिलांनी ऐकावे. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून काही तास लहान मुलांस शिकविण्यासाठी द्यावे, आणि ती मुले केवळ आपल्या ज्ञातीची असावीत असा आग्रह नसावा. जेथे आपले सभागृह वा वसतिगृह आहे, तेथे जवळच्या महाविद्यालयातील मंडळांस तालमीसाठी व व्याख्यानांसाठी जागा मोकळी ठेवावी. नाना शंकरशेट यांनी आपला वाडा उघडला होता. आपणांस एक दिवाणखाना उघडण्यास काय हरकत आहे?

या सूचनांस फार मोठे द्रव्य लागत नाही. लागतो तो तरुणांवरील विश्वास. त्यांच्या हातून काही चुकेल, एखादी सभा फसेल, एखादा विचार वडिलांस रुचणार नाही. पण बोर्डिंगच्या दारात उभे राहून नकार देणारा तो विद्यार्थीही त्या दिवशी वडिलांस रुचला नव्हता. आपल्या समाजातील आजच्या मुलामुलींत तसे कोणी असेल, तर त्यास घर सोडण्याची वेळ आपल्याकडून येऊ नये, आणि त्याच्या कार्यास पहिली जागा आपल्याच छपराखाली मिळावी, एवढी सदिच्छा व्यक्त करून आम्ही वाचकांची रजा घेतो.