दिघीतून बोलायचं, दौंडला ऐकायचं

आळंदी रोडने दिघीवरून जाताना आज सोसायट्या दिसतात, लष्कराच्या लांबलचक भिंती दिसतात आणि सिग्नलला अडकलेल्या कंपनी बस दिसतात. १९२७ साली याच दिघीतून हिंदुस्थान इंग्लंडशी बोलू लागला. मार्कोनी कंपनीच्या ‘बीम’ पद्धतीचं बिनतारी केंद्र इथे उभं राहिलं. उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदे टांगलेले, आणि त्यातून शॉर्टवेव्हच्या लहरी टॉर्चच्या झोतासारख्या एकाच दिशेला सोडायच्या. ही युक्ती मार्कोनीच्या चार्ल्स फ्रँकलिन या इंजिनिअरची. लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतायच्या, जमिनीवर आपटून पुन्हा उसळायच्या, असं करत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर स्केगनेसजवळ पकडल्या जायच्या. तिकडचे संदेश ग्रिम्सबीजवळून निघायचे.

पण ते संदेश दिघीत ऐकले जात नसत. ऐकायचं केंद्र होतं दौंडला, सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब. दोन्ही केंद्रं एकाच आवारात बांधली असती तर मजूर, पहारेकरी, वीज सगळ्याचाच खर्च वाचला असता. तरी वेगळी ठेवली, कारण आपण बोंब मारत असताना समोरच्याची कुजबुज ऐकू येत नाही. पाठवणारं यंत्र किलोवॅटमध्ये ओरडतं. हजारो किलोमीटरवरून आलेला सिग्नल व्होल्टच्या दहा लाखाव्या हिश्शात मोजायचा असतो. गोंगाटावरचा त्या काळचा उपाय साधा होता: कान उचलायचा आणि लांब नेऊन ठेवायचा.

हे सगळं मी वाचत बसलो ते वडिलांच्या हेडफोनमुळे. बाबांनी भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. पत्रा, डाय, दणका. पत्रा, डाय, दणका. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा कागदावर आहे. कानात कापूस घालायचा की नाही हे मात्र ज्याचं त्याने ठरवायचं, असा त्या शॉपचा रिवाज. आज त्यांच्या श्रवणचाचणीचा आलेख चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखा खाली जातो. गोंगाटाने गेलेल्या कानाची ही ठरलेली खूण. माणूस बहिरा होत नाही. आवाज येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ गळून पडतात. ‘सात’ आणि ‘हात’ एकच होतात.

आणि या माणसाला शॉर्टवेव्ह ऐकायची असते. चार मोठे सेल लागणारा जुना तीन बँडचा रेडिओ आहे. बीबीसी हिंदीची सवय होती; ती शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, तेव्हा ते दोन दिवस कुणाशी नीट बोलले नव्हते. आता रात्री चीनचं हिंदी लागलं तर लावतात. बातमी कुणाची आहे याच्याशी फारसं देणंघेणं नाही. लांबून आवाज येतो, याचंच अप्रूप.

ऑफिसमध्ये विषय काढला की प्रत्येकजण एकच सांगतो: नॉइज कॅन्सलिंग घे, भावा. म्हणून आधी त्याचा इतिहास पाहिला. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. त्याची कल्पना अशी की ध्वनी म्हणजे लाट. तिच्या बरोबर उलटी लाट तयार करून सोडली, की दोन्ही एकमेकींना खातात. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या जमान्यात ही कल्पना कागदावरच राहिली. १९७८ साली अमर बोस झुरिकहून विमानाने परतत होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच गणितं मांडायला घेतली. वैमानिकांसाठी त्यांच्या कंपनीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. (अमर बोस यांचे वडील ब्रिटिशांचा ससेमिरा चुकवून अमेरिकेला गेलेले बंगाली क्रांतिकारक. त्यांच्यावर वेगळा लेख व्हायला हवा.)

थोडक्यात, ही वस्तू विमानाच्या घरघरीसाठी जन्मली. पंखा, एसी, बसचं इंजिन असा खालच्या पट्टीतला, सतत चालणारा आवाज ती छान गिळते. साधारण हजार हर्ट्झच्या वर तिचा जोर ओसरतो, तिथे कपाचा जाड फोमच कामाला येतो. प्रेसचा दणका तर उलटी लाट तयार होईपर्यंत येऊन गेलेला असतो.

खरी अडचण त्याहून वेगळी आहे. हेडफोनचा माइक खोलीतला आवाज ऐकतो. शॉर्टवेव्हचा गोंगाट खोलीत नसतोच, तो अँटेनातून शिरतो. मोबाईलचे चार्जर, एलईडी दिवे, सोलरचे इन्व्हर्टर, कारखान्यात मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, वेल्डिंग हे सगळे सेकंदाला हजारो वेळा वीज तोडतात-जोडतात आणि प्रत्येक तुटण्याबरोबर रेडिओ लहरींचा कचरा फेकतात. तो कचरा निवेदकाच्या आवाजात मिसळून, एकाच तारेतून हेडफोनपर्यंत येतो. हेडफोनच्या दृष्टीने तेही गाणंच. कितीही महागडा जोड घेतला तरी तो खरखर अधिक स्वच्छ ऐकवेल, इतकंच.

पटत नसेल तर आमच्याकडे गुरुवारी या. भोसरी-चाकणच्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा त्याच दिवशी. दुपारी वीज जाते आणि सेलवरचा रेडिओ एकदम मोकळा श्वास घेतो. अख्खं पिंपरी-चिंचवड वैतागलेलं असतं तेव्हा बाबा खिडकीत बसून काटा फिरवत असतात.

ल्यूगची युक्ती अँटेनाच्या बाजूलाही वापरता येते. दुसरी छोटी अँटेना फक्त गोंगाट पकडते, तो उलटा करून पहिलीतून वजा करायचा. अशी यंत्रं मिळतात, पण बटणं जुळवायला संयम लागतो आणि बाबांच्या रेडिओला बाहेरची अँटेना जोडायची सोयच नाही.

मग घ्यायचं काय? वायरवाला, कान पूर्ण झाकणारा, मध्यम किमतीचा. ब्लूटूथ नको, कारण काटा फिरवला की आवाज क्षणभराने येतो आणि तोवर स्टेशन मागे पडलेलं असतं. वीस हजार हर्ट्झपर्यंत वाजण्याची जाहिरात इथे निरुपयोगी, कारण शॉर्टवेव्हवर पाच हजारांच्या वरचं फारसं पाठवलंच जात नाही. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ मुळातच अर्धे येतात, आणि बाबांच्या कानात उरलेले अर्धे गळतात. म्हणून दोन-तीन हजारांच्या आसपास जरा उठाव असलेला जोड निवडला. आणखी एक: जुन्या रेडिओचं सॉकेट मोनो असतं, नव्या हेडफोनची पिन स्टिरिओ, त्यामुळे एकाच कानात वाजतं. लहानसा अ‍ॅडॉप्टर लागतो. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

बाकी उपाय दौंडचाच, म्हणजे कान लांब न्यायचा. नाशिक रस्त्याने चाकण ओलांडून पुढे गेलात की बिनतारीचा पुढचा इतिहासही त्याच वाटेवर भेटतो. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह भूकेंद्र सुरू झालं आणि परदेशी दळणवळणातली शॉर्टवेव्हची मक्तेदारी सरत गेली. जवळच खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश. त्यांच्या लहरी शॉर्टवेव्हहून आखूड, पण तक्रार तीच. माणसाचा रेडिओ गोंगाट तिथे कमी होता, म्हणून ती जागा निवडली. याच कारणाने पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगाववरून आखलेला मार्ग बदलायचं रेल्वेने ठरवलं. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या लोकांना रेल्वे हवी आहे, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही. आकाश ऐकणाऱ्यांनी मागितलेली शांतता कांदा-टोमॅटो ट्रकने पाठवणाऱ्याच्या खिशातून जाते.

गेल्या महिन्यात बाबांना घेऊन मंचरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. मोटर बंद, दिवे बंद. नवा हेडफोन लावून त्यांनी तासभर ऐकलं. मधेच एक कप वर करून मला विचारलं, “अरे, ती आत्ता साठ म्हणाली का आठ?”

मी दुसरा कप कानाला लावला. साठ म्हणाली होती.